जिवंत दगडांचा पारखी

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी मांडू पाहणाऱ्या माणसाला माशांच्या आधी दगडांची निवड करावी लागते. गोड्या पाण्याच्या टाकीत दगड ही केवळ शोभेची वस्तू. समुद्री टाकीचा मात्र तो प्राण असतो. या छंदातील मंडळी ज्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात, तो दगड म्हणजे बहुधा मृत प्रवाळांचा सच्छिद्र सांगाडा. त्याच्या पृष्ठभागावर शैवालाचे रंगीत थर असतात, छिद्राछिद्रांत जिवाणू, कृमी आणि स्पंज नांदत असतात आणि हे सारे बिऱ्हाडच टाकीतील पाणी शुद्ध राखते. नंदुरबार शहरापासून खंबातचे आखात दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. अशा ठिकाणच्या हौशी माणसापुढे दुकानातील दगडांचा ढीग असतो, आणि त्यातून नेमका कोणता उचलायचा हा प्रश्न असतो. या प्रश्नाचा विचार इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर १८५२ मध्ये एका आजारी, कर्मठ आणि कमालीच्या चिकाटीच्या माणसाने हातात छिन्नी-हातोडा घेऊन केला होता. त्या माणसाचे नाव फिलिप हेन्री गॉस.

गॉस आज दोन कारणांनी लक्षात आहेत. ‘अॅक्वेरियम’ हा शब्द आजच्या अर्थाने त्यांनीच रूढ केला, हे एक. दुसरे म्हणजे त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी लिहिलेले ‘फादर अँड सन’ हे पुस्तक. त्यातील करड्या, धर्मनिष्ठ पित्याची प्रतिमा साहित्याच्या वाचकांच्या मनावर इतकी ठसली, की ओहोटीच्या खडकांवर वाकून दगड पारखणारा शास्त्रज्ञ तिच्याआड जवळजवळ झाकला गेला.

फिलिपचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी वूस्टर येथे झाला. वडील थॉमस हे गावोगाव हिंडून लहान आकाराची व्यक्तिचित्रे रंगवणारे चित्रकार होते. घरची स्थिती बेताचीच. बालपण पूल या बंदराच्या गावी गेले. तेथे सुझन बेल या आत्याने त्याला समुद्रपुष्पांची ओळख करून दिली. फुलासारखा दिसणारा हा प्राणी खडकाला चिकटून बसतो, ही गोष्ट त्या वयात मनात रुजली. पंधराव्या वर्षी पेढीवर कारकुनी पत्करावी लागली आणि १८२७ मध्ये कोवळ्या वयातच अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडमधील कार्बोनियर गाठावे लागले. हिशेबाच्या वह्या सांभाळता सांभाळता १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक त्याने विकत घेतले, आणि तेथून निसर्गाचा अभ्यास हाच ध्यास झाला. त्याच वर्षी धर्मश्रद्धेनेही मनाचा कायमचा ठाव घेतला. या दोन निष्ठा पुढे आयुष्यभर एकाच घरात राहिल्या. पंचवीस वर्षांनी त्यांनीच या गृहस्थाची सर्वांत कठीण परीक्षा पाहिली.

मधली वर्षे वणवणीची होती. कॅनडात कॉम्प्टन येथे मित्रांसोबत केलेली शेती तीन वर्षांत बुडाली. १८३८ मध्ये अलाबामातील डॅलस परगण्यात मळेवाल्यांच्या मुलांना शिकवण्याची नोकरी मिळाली. तेथील गुलामगिरी पाहून मन विटले आणि काही महिन्यांतच त्यांनी तो मुलूख सोडला. १८३९ मध्ये ते जवळजवळ रिकाम्या हाताने इंग्लंडला परतले. पुढे पुस्तकांनी तारले. १८४४ मध्ये पक्षी-कीटकांचे नमुने गोळा करण्यासाठी ते जमैकाला गेले आणि दीड वर्ष राहिले. तेथे सॅम्युएल कॅम्पबेल या तरुण कृष्णवर्णीय साहाय्यकाने केलेल्या मदतीचा त्यांनी मोकळेपणाने उल्लेख केला आहे. त्या काळातील युरोपीय संग्राहकांत हा गुण दुर्मीळच म्हणावा लागेल. १८४८ मध्ये एमिली बोव्स यांच्याशी विवाह झाला. २१ सप्टेंबर १८४९ रोजी मुलगा झाला, त्या दिवशीच्या दैनंदिनीत मुलाच्या जन्माची आणि जमैकाहून आलेल्या एका हिरव्या पाकोळीची नोंद शेजारी शेजारी आहे.

अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे १८५२ च्या जानेवारीत हे कुटुंब लंडन सोडून डेव्हनला आले, आधी सेंट मेरीचर्च आणि मग इलफ्रॅकूम येथे. खरी कहाणी येथून सुरू होते. समुद्रातील प्राणी घरात जिवंत ठेवण्याची धडपड त्याआधीही झाली होती. अॅना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्की येथून लहान प्रवाळ लंडनला नेऊन ते जगवले होते. त्यासाठी घरची मोलकरीण रोज खिडकीपाशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे, म्हणजे हवा पाण्यात मिसळत राही. त्या मोलकरणीचे नाव विज्ञानाच्या इतिहासात शोधण्याचे कष्ट फारसे कोणी घेतलेले नाहीत. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञांनी १८५० मध्ये गोड्या पाण्यात दोन सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल साधून दाखवला. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडते, प्राणी तो घेतात, हे तत्त्व माहीत होते. समुद्राच्या पाण्यात ते कसे उतरवायचे, हा प्रश्न होता आणि वॉरिंग्टन यांच्याबरोबरच गॉसही स्वतंत्रपणे त्याच्या मागे लागले होते.

अडचण अशी, की समुद्री शैवालाला मुळे नसतात. ते तळाशी असलेल्या चकतीने खडकाला घट्ट धरून राहते. उपटून आणलेले शैवाल भांड्यात कुजते आणि पाण्याचा नाश करते. म्हणून शैवाल न आणता, शैवाल ज्याच्यावर उगवले आहे तो दगडच फोडून आणायचा, असे गॉस यांनी ठरवले. कागदावर साधी वाटणारी ही युक्ती प्रत्यक्षात मोठी कष्टाची होती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही सर्वांत खोलवर जाते, आणि एरवी सदैव पाण्याखाली असणारे खडक तास-दोन तास उघडे पडतात. ती वेळ साधून गॉस खाली उतरत. सोबत हातोडा, पोलादी छिन्नी, झाकणाची टोपली आणि बरण्या. कपारींच्या सावलीतील बाजूंवर, पुढे आलेल्या शिळांच्या पोटाशी वाढणारे तांबडे शैवाल त्यांना हवे असे. त्याच्या बुडाखाली छिन्नी लावून दगडाचा पापुद्रा अलगद उडवायचा, म्हणजे झाड आणि त्याचा पाया दोन्ही शाबूत राहतात.

सारेच शैवाल त्यांनी पसंत केले नाही. किनाऱ्यावर सर्वांत जास्त दिसते ते तपकिरी, जाड पट्ट्यांचे. ते बुळबुळीत स्राव सोडते आणि पाणी गढूळ करते, म्हणून ते वर्ज्य. हिरव्या पातळ पानांचे ‘उल्वा’ आणि नाजूक तांबड्या जाती मात्र टाकीत टिकतात आणि पाणी निर्मळ ठेवतात, असा निवाडा त्यांनी महिनोन्महिने भांडी निरखून दिला. पाणी न बदलता समुद्रपुष्पे जगू लागली. ‘डेव्हनशर किनाऱ्यावरील भटकंती’ या आशयाच्या १८५३ मधील पुस्तकाच्या शेवटी त्यांनी ही कृती छापली. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. बोरीबंदर-ठाणे आगगाडी धावली त्याला जेमतेम महिना झाला होता. या मत्स्यालयासाठी वेमथच्या किनाऱ्यावरून हजारो प्राणी आणि शैवालयुक्त दगड गॉस यांनी पाठवले.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न लगेच पुढे आला. लंडनला समुद्राचे पाणी आणणे खर्चाचे होते. १८५४ च्या एप्रिलमध्ये गॉस यांनी साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड ही चार द्रव्ये साध्या पाण्यात मोजून मिसळली आणि कृत्रिम समुद्र तयार केला. तो ओतला मिठाईवाल्याच्या दुकानातील काचेच्या बरणीत. तळाशी धुतलेले गोटे आणि ‘उल्वा’ उगवलेले एक-दोन दगडाचे तुकडे. प्राणी मात्र त्यांनी लगेच सोडले नाहीत. शैवालाचे बीजाणू पाण्यात पसरावेत, पाणी मुरावे, म्हणून ते थांबले. आज नंदुरबारमध्ये कोणी पाकिटातील समुद्री मीठ पाण्यात कालवतो आणि टाकी ‘पिकण्याची’ वाट पाहतो, तेव्हा तो तीच कृती करीत असतो.

गॉस यांचे निरीक्षण अचूक होते, कारणमीमांसा मात्र अर्धी होती. पाणी शुद्ध राखण्याचे सारे श्रेय त्यांनी शैवालाला दिले. प्राण्यांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो आणि तो फार थोड्या प्रमाणातही घातक असतो. दगडाच्या पृष्ठभागावरील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खोल छिद्रांत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून त्याला बाहेर घालवतात. नायट्रीकरण हे सजीवांचे काम आहे, हे फ्रान्समध्ये १८७७ मध्ये सिद्ध झाले. ते करणारे जिवाणू विनोग्रॅडस्की यांनी वेगळे काढले १८९० मध्ये, गॉस यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. म्हणजे गॉस यांनी रोपासाठी म्हणून जो दगड फोडून आणला, तो दगड स्वतःच कामाचा मोठा वाटा उचलत होता. प्रवाळखडकाचा असा हेतुपुरस्सर वापर जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जगापुढे मांडला, आणि पुढे जर्मनीतील छांदिष्टांनी ती पद्धत नावारूपाला आणली.

आजचा जाणकार दगड निवडताना पाहतो ते याच हिशेबाने. आकाराच्या मानाने हलका आणि भोकाभोकांचा दगड उत्तम, कारण जिवाणूंना तेथे जागा अधिक. गुलाबी-जांभळ्या चुनखडी शैवालाचा थर असेल तर दगड निरोगी. वास समुद्राचा यावा, कुजल्या अंड्याचा नव्हे. ओल्या कागदात गुंडाळून दूरवरून आलेल्या दगडावरचे बरेच जीव वाटेतच मरतात, त्यामुळे तो काही आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवून, अमोनिया उतरल्याची चाचणी करूनच टाकीत घ्यावा लागतो. त्यातूनही एखादा उपद्रवी कोळंबीसदृश शिकारी जीव किंवा झपाट्याने पसरणारे ‘एप्टेशिया’ समुद्रपुष्प लपून येते ते येतेच. सातपुड्याचा काळा पाषाण कितीही देखणा असला, तरी तो भरीव असल्याने या कामी फारसा उपयोगी नाही.

१८५४ मध्ये गॉस यांचे ‘द अॅक्वेरियम’ प्रसिद्ध झाले. त्यातील रंगीत चित्रे त्यांनी स्वतः काढली होती. यापूर्वी इंग्लंडमधील सामान्य वाचकाने समुद्राच्या तळाचे इतके सजीव रंग पाहिले नव्हते. पुस्तकाने त्यांना नऊशे पौंडांहून अधिक मिळवून दिले. काचेवरील कर १८४५ मध्येच उठला होता, आगगाड्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचल्या होत्या, आणि मध्यमवर्गाच्या हाती सुट्टी आणि पैसा दोन्ही होते. पुढच्याच वर्षी गॉस यांचे लहानसे, स्वस्त मार्गदर्शक पुस्तक निघाले, चार्ल्स किंग्जली यांनीही किनाऱ्यावरील जीवांविषयी लिहिले, आणि घरोघरी दिवाणखान्यात काचेच्या टाक्या आल्या. लंडनमध्ये विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी समुद्री प्राण्यांचे दुकानच थाटले.

आणि मग किनाऱ्यांवर माणसे आली, टोपल्या घेऊन. गॉस यांनी लिहून दिलेली कृती त्यांच्या हाती होती. कोणत्या ओहोटीला उतरायचे, कोणत्या कपारीत बघायचे, छिन्नी कोठे लावायची, हे सारे त्यांत नीट सांगितलेले होते. सांगणाऱ्याचा संयम मात्र पुस्तकातून विकत मिळत नाही. एकाने काळजीपूर्वक उचललेला पापुद्रा भरून येतो. हजारोंनी फोडलेली शिळा येत नाही. आणलेले बहुतेक जीव आठवडाभरात मरत, टाकी दुर्गंधीने भरे आणि लोक पुन्हा किनाऱ्यावर जात. १८६० नंतर ही लाट ओसरली. तोवर डेव्हनच्या ज्या कुंडांत रंगीबेरंगी जीवांची दाटी होती, तेथे नागडे खडक उरले होते.

आपल्या पुस्तकांनी काय घडवले, हे गॉस यांना दिसत होते आणि त्याचे त्यांना दुःखही होते. प्रत्येक जीव ही ईश्वराची स्वतंत्र कृती, असे मानणारा हा माणूस. एक समुद्रपुष्प मेले तरी हळहळणारा. त्यांचा दोष किती, हे ठरवणे अवघड आहे; कृती सोपी करून सांगणे हा गुन्हा नव्हे. पण दगड कोठून येतो आणि त्याच्या जागी काय उरते, हा प्रश्न छंदाच्या आरंभापासूनच छंदाला चिकटलेला आहे. फ्लॉरिडाजवळच्या समुद्रातून जिवंत दगड काढणे अमेरिकेने १९९७ मध्ये बंद केले. तेथील व्यापारी आता साधे दगड समुद्रात सोडून त्यांच्यावर जीव वाढवतात. भारतात खडक घडवणारी सर्व प्रवाळे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीत. मालवणच्या किनाऱ्यावर तर १९८७ पासूनच सागरी अभयारण्य आहे. तेव्हा देशी प्रवाळखडक कोणी गुपचूप विकत असेल, तर तो घेणाराही कायद्याच्या कचाट्यात सापडतो. भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड घेऊन त्यांच्यावर जिवाणू वाढवणे हा निर्धोक मार्ग आहे. त्याला वेळ लागतो, एवढेच.

१८५७ हे वर्ष गॉस यांच्यासाठी दुर्दैवाचे ठरले. फेब्रुवारीत एमिली स्तनाच्या कर्करोगाने, अतिशय वेदनादायक उपचारांनंतर वारल्या. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता. शरद ऋतूत बापलेक सेंट मेरीचर्चला कायमचे राहावयास आले आणि त्याच सुमारास ‘ऑम्फेलॉस’ हे पुस्तक बाहेर पडले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बेंबी. जन्मच न घेतलेल्या आदमला बेंबी होती काय, या जुन्या प्रश्नावरून गॉस यांनी असा सिद्धान्त मांडला, की ईश्वराने सृष्टी निर्माण केली ती तिच्या न घडलेल्या भूतकाळाच्या खुणांसह. झाडांत वर्तुळे होती तशीच खडकांत जीवाश्मेही होती. भूगर्भशास्त्र आणि बायबल यांचा समेट होईल, ही त्यांची अपेक्षा. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी पाठ फिरवली. शास्त्रज्ञ हसले, आणि ईश्वराने खडकांत खोटा पुरावा पेरला असे मानणे किंग्जली यांच्यासारख्या धर्मोपदेशक मित्रालाही जमले नाही. दोनच वर्षांनी डार्विन यांचा ग्रंथ आला.

ज्याला जिवंत दगड वाचता येत होता, त्याने मेलेल्या दगडाचे म्हणणे ऐकण्याचे नाकारले, हे या आयुष्यातील मोठे शल्य. असे मेलेले दगड खानदेशापासूनही दूर नाहीत. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा ओलांडून पुढे गेले, की मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघच्या परिसरात चुनखडकाचे थर आहेत. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. जुन्या भूगर्भशास्त्रज्ञांनी या दगडाला प्रवाळी चुनखडक म्हटले. त्यातील जीव प्रवाळ नसून मुख्यतः ब्रायोझोआ नावाचे सूक्ष्म, वसाहतींनी राहणारे प्राणी आहेत, हे नंतर स्पष्ट झाले. तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांचा भूगर्भवृत्तान्त डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा गॉस हयात होते. असलेच ब्रायोझोआ त्यांनी डेव्हनच्या ओल्या खडकांवर जिवंत पाहिले होते.

‘ऑम्फेलॉस’च्या अपयशाने ते कडवट झाले, पण काम थांबले नाही. १८५८ ते १८६० या काळात ब्रिटिश समुद्रपुष्पे आणि प्रवाळांवरचा त्यांचा मोठा सचित्र ग्रंथ पूर्ण झाला. आजही अभ्यासक तो उघडतात. त्यासाठी बापलेक रोज किनाऱ्यावर जात, आणि नऊ वर्षांच्या एडमंडला समुद्रपुष्पाची एक नवी जातही सापडली. १८६० मध्ये एलिझा ब्राइटवेन यांच्याशी गॉस यांचा दुसरा विवाह झाला. उतारवयात त्यांनी ऑर्किड वाढवले, आकाश न्याहाळले आणि १८८६ मध्ये सी. टी. हडसन यांच्यासह सूक्ष्म रोटिफर प्राण्यांवरील दोन खंड पुरे केले. २३ ऑगस्ट १८८८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी सेंट मेरीचर्च येथे त्यांचा अंत झाला.

एडमंड यांचे ‘फादर अँड सन’ १९०७ मध्ये आले. धर्मावरून पित्याशी झालेल्या संघर्षाची ती कथा, पण तिच्यात किनाऱ्यावरची काही पाने आहेत. त्यांत छातीइतक्या पाण्यात उभे राहून, कृमींनी पोखरलेल्या खडकाची वरची आणि पाण्याखालची बाजू तपासणारे वडील दिसतात. आपण लहानपणी पाहिलेली ती कुंडे नंतरच्या कोणालाही तशी दिसणार नाहीत, हे एडमंड यांनी तेथेच नोंदवले, आणि ती कोणाच्या पुस्तकांमुळे रिती झाली हेही लपवले नाही.